न ठोकता
बल्क डेन्सिटी काढताना सगळ्यात अवघड काम म्हणजे हात आवरणं. तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या क्यूसीत नवीन मुलगा आला, की एचपीएलसीला हात लावू देण्याआधी मी त्याला ही चाचणी करायला देते. शंभर ग्रॅम पावडर 1 मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, 250 मिलीच्या कोरड्या सिलिंडरमध्ये हलकेच ओतायची, वरचा थर न दाबता सारखा करायचा आणि आकारमान वाचायचं. वजन भागिले आकारमान, झालं! फार हलकी पावडर असेल तर शंभर ग्रॅम मावतच नाही, मग कमी घ्यायची. पण थर जरा वाकडा दिसला, की मुलाचा तळहात सिलिंडरच्या बुडाशी गेलाच म्हणून समजा. "मॅडम, एकदाच ठोकू का?"

नाही. कणांमध्ये अडकलेली हवा हीच तर इथे मोजायची असते. भात पायलीने मोजणाऱ्या वाड्याच्या शेतकऱ्याला हे न शिकवता कळायचं: माप हलवलं की त्यात जास्त भात मावतो.

ठोकण्याची पाळी नंतर येते, तीही यंत्राची. 14 मिलिमीटरवरून पडणारे ठोके, मिनिटाला तीनशे. 500 आणि 1250 ठोक्यांच्या वाचनांत 2 मिलीपेक्षा जास्त फरक नसेल तर थांबायचं. ठोकलेल्या घनतेला न ठोकलेलीने भागलं की हाउसनर रेशो मिळतो. तो 1.11 पर्यंत असेल तर पावडर छान वाहते, 1.35 च्या पुढे गेला, की टॅब्लेटवाल्यांच्या हॉपरमध्ये ती अडणार हे धरून चालायचं.

शुद्धतेच्या आकड्यातून यातलं काहीच कळत नाही. मिलमधून जास्त बारीक होऊन आलेली बॅच शुद्धतेत आधीच्या बॅचसारखीच असते, पण घनता 0.5 वरून 0.3 वर आली तर 25 किलोला 50 लिटरऐवजी 83 लिटर जागा लागते. ड्रमचं झाकण बसत नाही तेव्हा प्लांटवाल्यांचा फोन क्यूसीलाच येतो. पावसाळ्यात तर समुद्राकडच्या दमट हवेत ओल धरणारा नमुना उघडा राहिला, की त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून पिशवी उघडली की चाचणी लगेच लावावी.

बोईसरहून चिल्हार फाट्यामार्गे हायवेला लागलेला ड्रम वाटेभर ठोके खातच जातो. पोहोचेपर्यंत माल खाली बसतो आणि घेणाऱ्याला वाटतं, कमी भरला. त्यामुळे कराराच्या स्पेसिफिकेशनमध्ये एकच आकडा मागितलेला असला, तरी सर्टिफिकेटवर मी दोन्ही घालते, ठोकलेला आणि न ठोकलेला.