माळ्यावरची तुळई कापायची का?

आपल्यापैकी पुष्कळांची अलिबाग, रेवदंडा, पेण भागातली घरे विकली गेली, काहींची अजून उभी आहेत. आमचेही रेवदंड्याकडचे घर आहे. आता ते आम्हां भावंडांच्या नावावर असून पुतण्या तिथे राहतो. इथून सुट्टीत जाणाऱ्या नातवंडांसाठी माळ्यावर खोली काढावी असे त्याच्या मनात आले. बेत चांगलाच! आमच्या लहानपणी त्या माळ्यावर तांदूळ, नारळ आणि पेसाहची भांडी असत. आता रिकामा आहे. पण छातीएवढ्या उंचीवर आडव्या तुळया आहेत, माणसाला वाकून जावे लागते. कंत्राटदार म्हणाला, "दोन कापून टाकू, मोकळं होईल." पुतण्याने फोन करून विचारले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एका तोंडाने नको म्हटले.

मुलांनो, तुम्ही अश्दोद-दिमोनाच्या काँक्रीटच्या घरांत वाढलात, म्हणून सांगतो. एक पुस्तक उघडून टेबलावर तंबूसारखे उपडे उभे करा आणि वरून बोटाने दाबा. काय होते? दोन्ही पाय बाहेर सरकतात. कौलारू छपराचे तसेच. दोन बाजूंचे वासे वर आढ्याला भिडतात, त्यांच्यावर कौलांचे ओझे, आणि पावसात कौले पाणी पितात तेव्हा ते आणखी वाढते. वासे भिंतींना बाहेर रेटतात. तुळई समोरासमोरच्या भिंतींना दोन हातांनी धरावे तशी धरून ठेवते. शिवाय आमच्या तुळयांच्या मध्यावर आखूड खांब आहेत, त्यांवर आढे टेकले आहे. तुळई गेली की आढ्याखालचा आधारही गेला.

कापल्या दिवशी काहीच होत नाही, हीच फसगत. लाकूड हळूहळू वाकते. एक-दोन पावसाळे जातात, मग आढे मध्येच खाली बसते, कौले सरकतात, भिंतीच्या माथ्याशी चीर पडते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आमची कौले उडाली, पण सांगाडा जागचा हलला नाही. त्याच तुळया कापायच्या?

याचा अर्थ लाकडाला हात लावायचाच नाही असा नाही. वळचणीकडचे तीन वासे कुजले होते, ते आम्हीच बदलायला सांगितले. कौले मात्र दोन्ही पाखांवरून सारखी उतरवायची, नाहीतर छप्पर एका अंगाला झुकते. एका वेळी एकच वासा, आणि आधी खाली टेकू. वासा थोडाच कुजला असेल तर शेजारी नवा जोडून बोल्ट मारावा, जुना उपटू नये. वीजवाल्यालाही बजावले की तुळईच्या खालच्या अंगाला, मधोमध, खाच पाडू नको. वाकताना सर्वांत जास्त ताण तिथेच येतो.

धाकट्या भावाचे म्हणणे, माळ्याची जमीनच दीड फूट खाली घ्यावी. खाली उंची भरपूर आहे, जमेल बहुतेक. पण जमिनीच्या तुळयाही भिंतीत रुतलेल्या, म्हणून पावसाळ्यानंतर इंजिनिअरला दाखवून मगच ठरवू. तोवर दोन तुळयांच्या मधल्या जागेत गाद्या घालायच्या. मुलांना तेच आवडेल असे वाटते. आणि तुळयांना जुनी गोधडी गुंडाळून ठेवा म्हटले, म्हणजे मोठ्यांची कपाळे वाचतील.