जिनिंगच्या काट्यावर ओपनबीएसडी

खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. दिवाळीच्या सुमारास आवक वाढली, की जिनिंगच्या काट्यावर गाड्यांची रांग लागते आणि काट्याशेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर रात्री उशिरापर्यंत चालू राहतो. कोणत्या गाडीचं वजन किती, भाव काय ठरला, कोणाचं पेमेंट बाकी आहे, हे सगळं त्यातच. अशाच एका जिनिंगच्या मालकांना बुलढाण्याच्या घरी बसून हा हिशेब पाहायचा होता. त्यासाठी कोणीतरी राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडून दिला होता. मी विंडोजची सुरक्षा नोंद उघडली, तर चुकीच्या पासवर्डांच्या ओळीच ओळी. बहुतेक प्रयत्न ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या नावानं केलेले.

आपल्या गावाकडे कोण बघणार, असं अनेक व्यापाऱ्यांना वाटतं. पण पोर्ट चाचपणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रॅमला मुंबई आणि खामगाव सारखेच. उघडा पत्ता दिसला की तो पासवर्ड लावत सुटतो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्या अनेकदा याच वाटेनं आत शिरतात.

म्हणून तो पोर्ट बंद करून इंटरनेट आणि जिनिंगच्या मध्ये पहारेकरी बसवायचं ठरलं. अडगळीत पडलेला एक जुना डेस्कटॉप घेतला, त्यात दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं आणि ओपनबीएसडी टाकली. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीपासून वेगळी काढलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम. तिचा कारभार कॅनडातल्या कॅल्गरीहून चालतो. त्या काळी अमेरिकेत एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर निर्बंध होते. कॅनडात असल्यामुळे या प्रकल्पाला एन्क्रिप्शन सुरुवातीपासून सिस्टीममध्येच देता आलं. जगभरचे सर्व्हर दुरून ज्यातून सांभाळले जातात ते ओपनएसएसएच याच मंडळींचं.

मुनीमजींनी विचारलं, “भाऊ, फुकटचं हाय म्हणता, मंग टिकन काय?” ही सिस्टीम दर सहा महिन्यांनी नवी निघते, प्रत्येक आवृत्तीला साधारण वर्षभर दुरुस्त्या मिळतात आणि त्या एका आज्ञेनं बसतात. हे त्यांना करूनच दाखवलं.

तिच्यातला फायरवॉल म्हणजे पीएफ. डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेला हा फायरवॉल २००१ च्या डिसेंबरात ओपनबीएसडी ३.० सोबत आला. त्याचे नियम एका साध्या फाइलमध्ये राहतात आणि सरळ वाचता येतात. आधी सगळं अडवायचं, मग लागेल तेवढंच सोडायचं. पीएफमध्ये लागू पडणारा शेवटचा नियम खरा धरला जातो, त्यामुळे ओळींचा क्रम महत्त्वाचा. आमची फाइल एका पानात मावली. व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या कूटबद्ध खासगी वाटेनं, येणाऱ्याला फक्त हिशेबाच्या कॉम्प्युटरपर्यंत वाट, आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला बाहेर इंटरनेटवर जायला मनाई.

व्हीपीएनसाठी वायरगार्ड निवडलं. जेसन डोनेनफेल्ड यांचं हे तंत्र २०२० च्या ऑक्टोबरात ओपनबीएसडी ६.८ च्या गाभ्यातच आलं. प्रत्येक यंत्राची किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली त्याच यंत्रात राहते, सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची. ओळख न पटलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, म्हणून पोर्ट चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही.

खरा वेळ खाल्ला तो इंटरनेट जोडणीनं. सेवा देणाऱ्या कंपनीनं एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला होता. राउटरवरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर बाहेरून जोडणी आत येत नाही. जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा लागला. दुसरी अडचण, घरी आणि जिनिंगमध्ये दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच पत्त्यांची मालिका. पॅकेटनं कुठे जायचं ते ठरेना. जिनिंगची मालिका बदलल्यावर वाट मोकळी झाली. लाइट गेली तर परत आल्याबरोबर यंत्र आपोआप सुरू व्हावं, ही बायोसमधली सोय आपल्याकडे विसरून चालत नाही.

अशा व्हीपीएनला कायद्याची आडकाठी आहे का, हेही मालकांनी विचारलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं आहे. कंपनीच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला ती अट नाही, असा खुलासा सर्ट-इननंच केला. मात्र सायबर हल्ला झाला तर तो सहा तासांत कळवण्याचं बंधन कंपन्यांनाही आहे.

मालक आता फोनवर वायरगार्ड सुरू करून हिशेब पाहतात, आणि ३३८९ बाहेरून बंद आहे. जिनिंग असो, अडत असो की पतसंस्था, हंगामाची धांदल सुरू होण्याआधी आपल्या राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान एकदा उघडून बघा. तिथे ३३८९ दिसला, तर आधी तो बंद करा. व्हीपीएनचं काम त्यानंतर हाती घ्या.