भुताची टोपली

बाघमाऱ्याला निघालो तेव्हा सौ.ने बजावले होते, "येताना घटपर्णीचं एक रोप आणा हं, गॅलरीत लावू!"

मेघालयातल्या गारो टेकड्यांच्या दक्षिण टोकाला, सिमसांग नदीकाठी हे लहानसे गाव आहे. जवळच घटपर्णीसाठी राखलेले चिमुकले अभयारण्य. मला वाटले होते, काहीतरी अक्राळविक्राळ दिसेल. पाहतो तो झुडपांच्या आधाराने चढलेली एक साधी वेल! पानाच्या टोकाला बारीक तणावा आणि त्याला लोंबणारा हिरवट-तांबूस चंबू, वर झाकण. मधाच्या लोभाने आलेली मुंगी काठावरून घसरून आतल्या पाण्यात पडते आणि तिथेच विरघळते. झाकण मात्र मिटत नाही. ते बिचारे छत्रीसारखे उघडेच!

"आम्ही हिला मेमांग-कोक्सी म्हणतो, म्हणजे भुताची टोपली," वाटाड्या म्हणाला.

मी भाषेचा मास्तर; नाव एकदम आवडले. पण भूत कसले? इथली माती निकस, नत्राला महाग. पोटासाठीच ती किडे धरते.

मी हळूच रोपाचा विषय काढला. तो हसला नाही. "सर, कोळशाच्या खाणींनी रान खाल्लं, आणि उरलेलं रोपं उपटून नेणाऱ्यांनी."

पुढे केलेला हात मी मुकाट्याने खिशात घातला.

रिकाम्या हाताने परतलो, तशी सौ. दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी तिला त्या नावाचा अर्थ सांगितला. आणि टोपली पळवणारे भूत कोण होणार होते, तेही!