अब्बांच्या फायली

विंडोज १०ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, माझ्या जुन्या लॅपटॉपात ते नाही. म्हणजे नवाच घ्यायचा. राजारामपुरीतला दुकानदार म्हणाला, “मॅडम, सगळा डेटा टाकून देतो की!”

डेटा येईल हो, पण वाचता येईल का? अब्बांनी आपले उर्दू लेख इनपेजच्या जुन्या आवृत्तीत टाइप केलेत. त्याची सीडी आता घरात नाही, अब्बाही नाहीत. इनपेजशिवाय त्या फायली उघडल्या तर नुसती चिन्हं दिसतात. जुन्या फॉन्टमधल्या माझ्या मराठी प्रश्नपत्रिकांचंही तेच, पण त्या पुन्हा काढता येतील.

म्हणून रोज इशानंतर दोन लेख युनिकोडमध्ये आणते. कुठे हमजा गळतो, कुठे आकडे उलटतात. मग छापील प्रतीशी ताडून बघायचं. मुलगी म्हणते, “अम्मी, पीडीएफ कर ना सरळ.” पण मला त्यात शब्द शोधता यायला हवेत.

काल ‘पंचगंगा’ शोधलं. २००५च्या पुरावरच्या लेखात अब्बांनी पाण्याच्या उंचीसाठी जागा मोकळी सोडलीय. मी ती तशीच ठेवली. अजून ३१ लेख बाकी आहेत.