अंगातला नकाशा

ठाण्याहून धिम्या लोकलने कल्याणला निघालो की गर्दीत आम्हाला बाहेरचे काहीच दिसत नाही. तरी कळवा, मुंब्र्याचे वळण, दिवा अंगालाच कळते; कोपर आले की डोंबिवलीकर दाराकडे सरकतात. पाटी वाचता न येणाऱ्या आमच्या आयाबायाही बरोबर उतरत आल्या! मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशीच असतात. जॉन ओकीफ यांना त्या १९७१ च्या सुमारास उंदरांत सापडल्या. २०१४ चे नोबेल त्यांना व मोझर दांपत्याला मिळाले. अल्झायमरच्या आजारात बहुधा हाच भाग आधी झिजतो. रोजच्या स्टेशनात घुटमळणाऱ्या म्हाताऱ्यावर ओरडू नका, डॉक्टरांना दाखवा. कल्याणला तर वाटाच फुटतात. कर्जतऐवजी कसाऱ्याची गाडी धरलेले आजोबा अंबरनाथ सोडून टिटवाळ्याला पोचतात.