वीस मिनिटांची नोंद

आत्मचरित्र शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. 'स्मृतिचित्रे' असो वा दुसरे कोणतेही पुस्तक, मागच्या बाकावरून कुणीतरी विचारते, "सर, हे सगळं खरंच असंच घडलं कशावरून?" आमचे उत्तर ठरलेले असे. आत्मचरित्रातला 'मी' हेही लेखकाने घडवलेले एक पात्रच, तेव्हा घटनेपेक्षा त्या पात्राचा खरेपणा तपासावा, असे आम्ही गंभीरपणे सांगत असू, आणि तेवढ्यात तास संपत असे. हे उत्तर आम्हाला किती सोयीचे होते, ते कळायला वयाचे ५३वे वर्ष उजाडावे लागले. आणि कळले तेही धावताना. खरे सांगायचे तर धावायचे थांबल्यावर.

झाले असे की, रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी चाचणी असते तिचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी. डॉक्टर आमचेच जुने विद्यार्थी. "सर, उंबरठ्यावर उभे आहात. आत जायचं की मागे फिरायचं, तुम्हीच ठरवा," एवढेच ते म्हणाले. आमच्या वडिलांच्या डाव्या पायाचा अंगठा याच दुखण्यात गेला होता. उरलेली आठ वर्षे ते कापडी बूट घालून ओसरीवर बसून असत. त्यामुळे उंबरठ्यापलीकडचे घर आम्हाला पाठ होते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. आम्ही मात्र एकदम धावण्याचाच संकल्प सोडला. त्यासाठी 'काउच टू फाइव्ह-के' नावाचा क्रम निवडला. जॉश क्लार्क या अमेरिकन गृहस्थाने तो १९९६ साली पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईसाठी आखला होता, ही गोष्ट आम्हाला धीर देणारी वाटली. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालायचे, मग ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे, असे आलटून पालटून वीस मिनिटे. साठ सेकंद म्हणजे काय, हे ज्याने तिसाव्या सेकंदाला घड्याळाकडे पाहिले आहे त्यालाच समजेल. "अहो, कुत्रं मागे लागल्यासारखे का पळता?" असे सौभाग्यवतींनी गच्चीवरून विचारले, त्या दिवसापासून आम्ही गल्ली बदलली.

पण साताऱ्यात गल्ली बदलून कितीसे लपता येणार? पहाटे चार भिंतींकडे निघालेल्यांत निम्मे ओळखीचे, आणि यवतेश्वरचा घाट पळत चढणारी पोरे तर वर्गातलीच. जुन्या काळी तालमीत नवशिक्याला वस्ताद असे. त्याच्या नजरेखाली पोर दमले तरी त्यात लाज नसे, कारण दमवणे हेच वस्तादाचे काम. आम्हाला वस्ताद नव्हता आणि ओळखीची नजर सोसत नव्हती. तेव्हा आम्ही अनोळखी नजरा शोधायला आंतरजालावर गेलो.

जी जागा आम्हाला रुचली ती मास्टोडॉनची. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६ साली सुरू केलेली ही व्यवस्था. ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर तिकडून बिऱ्हाड उचललेल्या पुष्कळांबरोबर आम्हीही इकडे येऊन पडलो होतो. हिला एक मालक नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर, प्रत्येकाचा राखणदार वेगळा, नियम वेगळे. मात्र एका सामाईक भाषेमुळे या घरचे बोलणे त्या घरी पोहोचते. वारीत जशी प्रत्येक दिंडी आपली चूल आपण सांभाळते आणि वाट मात्र सगळ्यांची एक, तसे काहीसे. इथे मजकूर ज्या क्रमाने लिहिला त्याच क्रमाने पुढे येतो; कुणाला आवडला म्हणून वर चढत नाही. आपल्याला जगातले सगळे दिसते असेही नाही. आपल्या घराची ज्यांच्याशी ओळख झाली, तेवढेच आपल्या अंगणात येतात. असे पंधरावीस नवशिके आमच्या अंगणात जमले. जो तो आपली नोंद करी आणि कामाला लागे. 'आज दोनदा तीन मिनिटे.' 'आज पाऊस, गेलो नाही.' या नोंदींत वाङ्मयीन गुण शोधून सापडला नसता. पण पहाटे पाच वाजता अंथरुणातून उठवण्याचे सामर्थ्य त्यांत होते, आणि ते आम्ही शिकवलेल्या फारच थोड्या ग्रंथांत आढळले आहे.

पाचव्या आठवड्यात घात झाला. या क्रमात तिथे एक चमत्कारिक उडी आहे. दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटे दोनदा धावायचे, मध्ये पाच मिनिटे चालायचे. तिसऱ्या दिवशी मात्र न थांबता सलग वीस मिनिटे. आम्ही अकराव्या मिनिटाला थांबलो. गुडघ्यांवर हात टेकून दोन मिनिटे नुसते डांबर पाहिले. मग घरी आलो, चहा घेतला आणि नोंद केली: 'वीस मिनिटे. सलग.'

असे का केले, याचा शोध आम्ही नंतर पुष्कळ घेतला. कुणी विचारले नव्हते. बक्षीस नव्हते. आदल्या आठवड्यात मात्र आम्ही 'वयाचा बाऊ करू नये' अशा आशयाचे चार शब्द तिथे लिहिले होते, आणि त्या चार शब्दांना साजेसा 'मी' आम्हाला हवा होता. वर्गात ज्याला आम्ही 'पात्र' म्हणत असू, तोच हा.

संध्याकाळी स्कॉटलंडमधल्या एका बाईंचे उत्तर आले. त्या टपाल वाटण्याचे काम करीत. दिवसभर पायीच असत, पण धावणे जमत नसे. त्यांनी लिहिले होते, त्याचा मराठी मथितार्थ असा: 'तुमचे अभिनंदन. मी आज नऊ मिनिटांत थांबले. तुमचे वय पाहता तुम्हाला जमते आणि मला जमत नाही, म्हणजे हे माझ्यासाठी नसावे. मी इथेच थांबते.'

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. नोंद पुसण्याचा विचार प्रथम आला. पण विकेंद्रित व्यवस्थेत पुसणे म्हणजे आपल्या घरून इतर घरांना धाडलेली एक विनंतीच असते. ती पाळणे त्या त्या घरावर. दुरुस्ती करता येते, पण आधीचे रूपही पाहणाऱ्याला उघडून पाहता येते. आणि हे सारे तंत्र सुधारले असते तरी बाईंनी जे वाचायचे ते वाचलेच होते. तीन दिवस आम्ही गप्प राहिलो, धावलोही नाही. चौथ्या दिवशी त्या नोंदीखालीच दुसरी लिहिली: 'वरचे खोटे आहे. अकरा मिनिटे. मग थांबलो. आपण नऊ धावलात. आपल्यात अंतर दोनच मिनिटांचे होते.'

कुणी रागावले नाही, हे जास्त झोंबले. एकाने फक्त एका संशोधनाचा दुवा दिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील या अभ्यासात ९६ लोकांच्या सवयी तपासल्या होत्या. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसागणिक मात्र १८पासून २५४पर्यंत. त्यात आणखी एक निष्कर्ष होता: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे अकरा मिनिटांनी आमचे काहीच बिघडले नव्हते. जे बिघडले ते उरलेल्या नऊ मिनिटांनी, जी आम्ही धावलोच नव्हतो.

दोन दिवसांनी बाईंची नोंद दिसली. 'आज दहा.' एवढीच.

पुढे वर्षभराने आमच्या सर्व्हरच्या राखणदाराने, खर्च आणि शीण दोन्ही झेपेनासे झाल्यामुळे, तीन महिन्यांची आगाऊ सूचना देऊन घर बंद केले. आम्ही नव्या घरी गेलो. इथली रीत अशी की, आपल्या मागे येणारे लोक नव्या घरी आणता येतात, जुने लेखन येत नाही. ते उतरवून आपल्यापाशी ठेवायचे. त्याप्रमाणे आमच्या संगणकात ती फाइल आहे. तिच्यात 'वीस मिनिटे' आहे आणि तिच्याखाली 'वरचे खोटे आहे' हेही आहे. नव्या घरी पाटी कोरी होती, आणि कोऱ्या पाटीचा मोह वाईट. कुणालाच काही ठाऊक नसते. एक शहाणा, नियमित, सलग धावणारा प्राध्यापक तिथे सहज उभा करता आला असता. आम्ही पहिली नोंद केली ती अशी: 'सव्वीस मिनिटे. मध्ये दोनदा थांबलो. साखर ५.८.' म्हणजे उंबरठा अजून सुटलेला नाही.

यंदाही वर्गात तो प्रश्न आला. आम्ही पात्राचा सिद्धान्त सांगितला, कारण तो चुकीचा नाही. मात्र या वेळी त्याला टपालवाल्या बाईंची हकीकत जोडली. लेखकाने घडवलेल्या त्या 'मी'च्या शेजारी आपले अपुरे आयुष्य ठेवून कुणीतरी वाचत असते, आणि ते माणूस पात्र नसते, एवढे म्हणून थांबलो. वर्ग थोडा वेळ शांत होता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग आता तुम्ही खरंच किती मिनिटं पळता?"

"या गुरुवारी चोवीस," आम्ही म्हणालो. "एकदा थांबून."