शिदोरीचं ओझं

वायर जोडलेली असते तोवर माझे सगळे यांत्रिक किडे गुणी असतात. टूथब्रशच्या कापलेल्या डोक्यावर जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर चिकटवायची, बाहेरून वीज द्यायची, की स्वारी टेबलावर तुरुतुरु निघते. ब्रशचे केस मागे झुकलेले हवेत. म्हणजे प्रत्येक थरथरीला पुढे सरकता येतं, मागे येताना तेच केस अडतात. पण ही कळसूत्री बाहुलीच. सेल पाठीवर चढवला की खरी परीक्षा.

मोटर 1 ग्रॅमची, बटन सेल 2 ग्रॅमचा. घोड्यापेक्षा स्वार जड! माझ्या पहिल्या किड्याचा सेल सुतभर डावीकडे बसला, तर तो संध्याकाळभर एकट्यानंच फुगडी घालत राहिला.

आकार दहापट घटवला की पृष्ठभाग शंभरपट घटतो, वजन हजारपट. ऐकायला सोयीचं वाटतं. पण सेलमधली वीजही हजारपटच घटते, आणि घर्षण, चिकटणं या पृष्ठभागाच्या भानगडी त्या मानाने शिरजोर होतात. म्हणून एवढ्याशा देहात दातेरी चाकं कुचकामी. पातळ पत्र्याला घडी घालून सांधा करावा लागतो. हार्वर्डच्या रॉबर्ट वुड यांच्या प्रयोगशाळेतली 80 मिलिग्रॅमची माशी सेकंदाला 120 वेळा पंख हलवत 2013 मध्ये नीट उडाली, तीही बारीक तारांना बांधलेली. तारा सुटल्या 2019 मध्ये. चार पंख, पाठीवर सौरपट्ट्या, सूर्याच्या तिप्पट प्रखर उजेड, आणि उड्डाण सेकंदाहून कमी. व्हिडिओ बघताना माझी पापणी लवली आणि मला तो परत लावावा लागला.

मला मत्सर वाटतो तो मात्र सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात घडलेल्या, 2020 मध्ये जगापुढे आलेल्या 88 मिलिग्रॅमच्या भुंग्याचा. त्याला बॅटरीच नाही. पोटात मिथेनॉल. आकार लक्षात ठेवणाऱ्या धातूच्या तारेवर प्लॅटिनम चढवलेलं. त्याच्यावर मिथेनॉलची वाफ ज्वाळेविना जळते, तार तापून आखडते, पाय हलतात. त्याच आखडण्यानं वाफेची झडप बंद होते. तार निवते, लांबते, झडप उघडते, पुन्हा तेच. ना चिप, ना स्विच. एका टाकीवर तो दोनेक तास सरपटतो. ज्याला ती झडप सुचली, त्यानं माझ्या मते अर्धं कीटकशास्त्र कोळून प्यायलं असणार.

माझी धाव मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांपर्यंत. सध्याच्या किड्याला सेल नाही. नखाएवढी सौरपट्टी आणि एक कपॅसिटर. थेंब थेंब वीज साठते, पुरेशी झाली की एकदम मोटरीत सुटते. किडा एक हिसका देऊन पेरभर पुढे जातो आणि पुन्हा ध्यानस्थ बसतो. चालणं कमी, उपासच जास्त.

रविवारी आभाळ भरून आलं होतं. त्याला खिडकीत ठेवून मी चहा टाकला. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला, तेव्हा कुठे तो एकदा हलला.